जमिनीवरची झुंज शिकायचीय, मग ज्युदो लावू की बीजेजे?

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. कधी ऑफिसातली मैत्रीण, कधी सोसायटीतला कॉलेजला जाणारा मुलगा, कधी मुलीसाठी क्लास शोधणारे काका. "जमिनीवर झटापट झाली तर काय करायचं ते शिकायचंय. ज्युदो लावू की ते ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे बीजेजे?" मी शाळेत ज्युदो खेळले, पुढे नोकरी-संसारात ते सुटलं आणि छत्तिसाव्या वर्षी बीजेजेच्या मॅटवर उतरले. आता आठवड्यातून दोनदा बीजेजे करते आणि रविवारी जमेल तेव्हा जुन्या ज्युदोच्या सरांकडे जाते. दोन्हींवर माझा जीव आहे. तरी उत्तर देताना मी आधी खेळाचं नाव घेत नाही. मी म्हणते, मोबाइलमधलं स्टॉपवॉच लाव, क्लासच्या कडेला बस आणि तिथली माणसं किती मिनिटं खरोखर जमिनीवर, विरोध करणाऱ्या जोडीदाराशी झुंजतात ते मोज. तुझं उत्तर त्या आकड्यात आहे.

हे मोजमाप कसं करायचं ते पुढे सांगते. त्याआधी दोन्ही खेळांत फरक कुठे आहे ते कळायला हवं, नाहीतर आकड्याचा अर्थ लागणार नाही.

मूळ एकच

जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही शाळा सुरू केली आणि जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेच्या घराण्यांतून निवडलेल्या डावांचा ज्युदो घडवला. कोदोकानमध्ये तयार झालेला मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचला. त्याच्याकडे कार्लोस ग्रेसी शिकला आणि ग्रेसी कुटुंबाने पुढे जे वाढवलं ते ब्राझिलियन जिउ-जित्सू. त्यामुळे जमिनीवरचे डाव बरेचसे तेच आहेत, नावं तेवढी बदलतात. ज्युदोतला जुजी-गातामे म्हणजे बीजेजेतला आर्मबार, हात ताणून कोपर लॉक करणं. सांकाकु-जिमे म्हणजे ट्रँगल, पायांच्या कात्रीत गळा आवळणं. हात वाकवून खांदा पिरगाळणाऱ्या उदे-गारामीला तर बीजेजेवाले किमुराच म्हणतात, कारण 1951 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये ज्युदोवाल्या मासाहिको किमुराने हेलिओ ग्रेसीला त्याच डावाने हरवलं होतं.

म्हणून "कुठल्या खेळात जमिनीवरचे डाव चांगले?" असं विचारून हाती काही लागत नाही. डाव दोघांकडेही आहेत. स्पर्धेत गुण कशाला मिळतात यावर क्लासमध्ये रोज काय घोटून घेतलं जातं ते ठरतं. ज्युदोत पाठीवर स्वच्छ आपटलं की इप्पोन, लढत संपली. जमिनीवर गेल्यावर काही घडताना दिसलं नाही की पंच थोड्याच वेळात 'मात्ते', म्हणजे 'थांबा', म्हणतात आणि दोघं पुन्हा उभे. म्हणून ज्युदोचे सर बहुतेक वेळ फेकीवर घालवतात, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. बीजेजेत आपटण्याचे दोनच गुण. प्रतिस्पर्ध्याचे पाय ओलांडून पलीकडे जाण्याचे तीन, छातीवर बसण्याचे किंवा पाठ घेण्याचे, म्हणजे मागून पाठीवर चढण्याचे, चार, आणि टॅप मिळाला, म्हणजे समोरच्याने थाप मारून हार मानली, की लढतच संपली. साहजिकच सगळा क्लास जमिनीकडे झुकतो.

ज्युदोत जमिनीवरचं काम म्हणजे नेवाझा दुय्यमच आहे, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. जपानमधल्या जुन्या कॉलेजांच्या कोसेन परंपरेत खेळाडू थेट जमिनीवर उतरून लढायचे, आणि तिथल्या सात जुन्या विद्यापीठांच्या स्पर्धेत तो प्रकार आजही जिवंत आहे. पुण्यातही नेवाझावर प्रेम करणारे सर भेटतात. माझे तसेच होते. आठवड्यातला एक दिवस ते कुणाला उभंच राहू द्यायचे नाहीत.

एकच पकड, दोन घड्याळं

एक उदाहरण जवळून दाखवते. केसा-गातामे ही ज्युदोतली अगदी पहिल्या महिन्यात शिकवली जाणारी पकड. समोरचा तुमच्या बगलेशी बसतो, एक हात तुमच्या मानेखालून घालतो, दुसऱ्या हाताने तुमचा दंड स्वतःच्या काखेत आवळून धरतो आणि पाय फाकवून बरगड्यांवर वजन टाकतो. पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मला वाटलं, श्वासच बंद होणार. बंद होत नाही. अर्धा मिळतो, पण तो पुरतो. हे कळायला मात्र दहा-पंधरा वेळा त्याखाली जावं लागतं.

ज्युदोत ही पकड 20 सेकंद टिकली की इप्पोन. म्हणजे खालच्याकडे वीस सेकंदच आहेत. आमचे सर मोठ्याने मोजायचे आणि बाराव्या आकड्याला सगळा क्लास ओरडायचा, "निघ, निघ!" मग काय करायचं? अडकलेल्या हाताचं कोपर कसंही करून मॅटला टेकवायचं, कुशीवर वळून त्याच्याकडे तोंड करायचं, पाय चालवत त्याच्या पाठीशी जायचं आणि कंबर उचलून त्याला आपल्यावरून पलटवायचं. सगळं झटक्यात. ज्युदोवाल्यांच्या अंगात ही उसळी कायमची मुरते.

बीजेजेच्या मॅटवर तीच पकड माझ्यावर लागली तेव्हा मी सवयीने उसळले. तिसऱ्या उसळीला दमले, आणि माझा लांबलेला हात समोरच्या मुलीने शांतपणे पायाखाली घेऊन पिरगाळला. इथे वीस सेकंदांचं बंधन कुणालाच नाही. ती पाच मिनिटं तशीच बसू शकते आणि माझी चूक व्हायची वाट पाहू शकते. इथे आधी हात छातीशी घ्यायचा, पुढचा हात तिच्या मानेशी आडवा टाकून अंतर करायचं, श्वास सावरायचा आणि त्या फटीत गुडघा सरकवत आणायचा. डाव तोच, बाहेर पडण्याचं तत्त्वही बरंचसं तेच. घड्याळ बदललं आणि शहाणपण बदललं. ज्युदो घाई शिकवतो, बीजेजे तग धरायला शिकवतं. जमिनीवरच्या माणसाला दोन्ही लागतं, पण नवशिक्याला आधी तग धरणं जमावं असं माझं मत आहे, कारण घाबरलेल्या माणसाची उसळी वाया जाते.

कुस्ती पाहत मोठे झालेल्यांसाठी

आपल्याकडे हा मुद्दा वेगळा काढायलाच हवा. गावच्या जत्रेतली कुस्ती पाहिलेल्या किंवा पेठेतल्या तालमीत चार वर्षं माती लावलेल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते: पाठ लागली की संपलं. चितपट. म्हणून खाली गेलं की तो पालथा होतो, हात पसरतो आणि माती धरून ठेवतो. ज्युदोचीही हीच सवय, कारण तिथेही पाठीवर पडणं म्हणजे हार, आणि पालथं राहिलं की मात्ते येतो.

बीजेजेत याच्या बरोबर उलट. पाठीवर पडून, दोन्ही पायांनी समोरच्याला अडवत किंवा कवळत लढायचं, ते गार्ड. तिथून पलटवता येतं, गळा आवळता येतो, हात लॉक करता येतो. पालथं झालं मात्र की समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही टाचा मांड्यांच्या आत अडकवतो आणि मनगट हनुवटीखालून सरकवतो. आमच्याकडे आलेल्या एका पहिलवानाला पहिले सहा आठवडे रोज कुणीतरी पाठीवरून आवळत होतं. ताकदीने तो आम्हा सगळ्यांना भारी होता. पाठीवर पडायचं नाही ही वीस वर्षांची शिकवण मोडायला त्याला तेवढा वेळ लागला. त्यानंतर वरच्या बाजूने त्याला रोखणं अवघड झालं.

तालमीतून येणाऱ्याने ज्युदोचा आणखी एक नियम आधी समजून घ्यावा. एकेरी पट, दुहेरी पट आजच्या स्पर्धात्मक ज्युदोत चालत नाहीत. पायाला हात घालण्यावर 2010 पासून बंधनं आली आणि 2013 पासून ते पूर्ण बंद झालं. बीजेजेत पट चालतो. शिवाय नो-गी वर्गात गी, म्हणजे सरावाचं जाकीट, नसतं, त्यामुळे पहिलवानाला ते घरच्यासारखं वाटतं.

आधी स्वतःला विचारा, कशासाठी

वही घ्या आणि एका वाक्यात लिहा. "मला खाली पाडलं आणि कुणी अंगावर आलं तर सुटता यावं" हे एक उत्तर. "स्पर्धा खेळायची" हे दुसरं. "जिमचा कंटाळा आलाय, डोक्याला काम देणारा व्यायाम हवाय" हेही चालेल. पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरासाठी, वय पंचविशीच्या पुढे असेल तर, मी सरळ बीजेजेकडे पाठवते. विशेषतः बायकांना. आपण पाठीवर आणि जड माणूस वर, हीच आपली भीती असते आणि बीजेजे पहिल्याच आठवड्यात नेमकं तिथे नेऊन बसवतं. तिथून कंबर सरकवणं, पायांनी अंतर ठेवणं आणि एक हात टेकवून, डोकं सांभाळत उभं राहणं, हे शेकडो वेळा करून घेतात. रस्त्यावर, खडीवर, जमिनीवर रेंगाळायचं नसतं. उठून पळायचं असतं.

स्पर्धा हे उत्तर असेल तर शिडी पाहा. ज्युदो 1964 मध्ये ऑलिंपिकमध्ये आला आणि आपल्या शालेय स्पर्धांतही आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशी वाट आखलेली आहे. सुशीला देवी, तुलिका मान यांची राष्ट्रकुल पदकं आपण पाहिली. लिंथोई चनांबमने 2022 मध्ये कॅडेट, म्हणजे किशोर, गटात जागतिक सुवर्ण जिंकलं आणि कपिल परमारने 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये कांस्य. बीजेजे ऑलिंपिकमध्ये नाही. जु-जित्सू 2018 पासून आशियाई खेळांत आलं, पण शाळेच्या पातळीवर ज्युदोसारखी वाट अजून नाही.

मूल बारा-तेरा वर्षांच्या आतलं असेल तर मी डोळे मिटून ज्युदो सांगते. पडायला शिकणं, म्हणजे उकेमी, ही जन्मभराची ठेव आहे. मी चाळिशीत पावसात जिन्यावरून घसरले तेव्हा हनुवटी आपोआप छातीशी गेली आणि डोकं वाचलं.

घड्याळ घेऊन बसा

आता मुख्य काम. तुमच्या घरापासून जास्तीत जास्त पस्तीस-चाळीस मिनिटांत पोचता येतील असे क्लास शोधा, आणि हा वेळ संध्याकाळी साडेसहाचा धरा. रविवारी सकाळी सिंहगड रोडवरून विमाननगर जवळ वाटतं. बुधवारी संध्याकाळी तेच अंतर तुमची शिकण्याची इच्छा खाऊन टाकतं. कोथरूडवाल्यांनी वनाज ते रामवाडी मेट्रोचा विचार जरूर करावा, कल्याणीनगरची बाजू त्यामुळे आवाक्यात आली आहे. ज्युदो शाळांच्या हॉलमध्ये, क्रीडासंकुलांत, मंडळांत सापडेल. बीजेजे बहुधा एमएमए, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या, जिममध्ये.

फोनवर तीनच गोष्टी विचारा. प्रौढ नवशिक्यांची वेगळी बॅच आहे का? ज्युदोत हे फार महत्त्वाचं, कारण पुष्कळ ठिकाणी सगळे शाळकरीच असतात आणि तुमच्या वजनाचा जोडीदारच मिळत नाही. जमिनीवरचं काम आठवड्यातून किती दिवस होतं? आणि एक दिवस नुसतं बसून बघू देणार का? शेवटच्याला कुणी नाही म्हणालं तर तो पत्ता खोडून टाका.

बसल्यावर मिनिटं तीन खान्यांत लिहा. व्यायाम आणि उड्या एका खान्यात, डावाचा सराव दुसऱ्यात, आणि जोडीदार खरोखर विरोध करतोय अशी जमिनीवरची झुंज तिसऱ्यात. माझ्या वहीत तीन संध्याकाळच्या नोंदी आहेत. नव्वद मिनिटांच्या एका ज्युदो वर्गात तिसऱ्या खान्यात आठ मिनिटं आली, तेवढ्याच लांबीच्या एका बीजेजे वर्गात अठ्ठावीस. पण दुसऱ्या एका ज्युदो वर्गात, शुक्रवारी, बावीस आली. म्हणून पाटीवर काय लिहिलंय त्यावरून ठरवू नका. एका दिवसावरूनही नको, वेगवेगळ्या वारी दोनदा जा. माझा ठोकताळा असा की आठवड्याला तिसऱ्या खान्यात चाळीस मिनिटंही जमत नसतील तर जमिनीवरचं काम तिथे अंगात मुरणार नाही.

मोजताना नजर आणखी काही ठिकाणी फिरवा. शहाबादी फरशीवर फोमचे पातळ, जिगसॉ कोड्यासारखे जोडलेले तुकडे टाकले असतील आणि त्यावर फेका चालू असतील तर तिथे पडायला जाऊ नका. मॅट पुसतात का? लोक चपला घालून स्वच्छतागृहात जातात की अनवाणी जाऊन तसेच परत मॅटवर येतात? सर्वांत महत्त्वाचं, कुणी टॅप केल्यावर हात त्या क्षणी सुटतो का, आणि नाही सुटला तर शिकवणारा काय करतो?

हे मी सोसून शिकले. एका वर्गात माझ्यापेक्षा वीस किलो जड मुलाने किमुरा झटक्यात ओढला. मी टॅप केला, तोवर खांद्यात आवाज झाला होता. कोच म्हणाले, "होतं असं." चार महिने मला डोक्यावरून कुर्ता काढता येत नव्हता. मी तिथे परत गेले नाही. दुखापत सगळीकडे होऊ शकते, पण ज्या मॅटवर "होतं असं" म्हणतात तिथे ती पुन्हा होणार.

शिकवणाऱ्याचा पट्टा कोणी दिला, हे विचारायला लाजू नका. बीजेजेत मोठ्यांसाठी पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा असा क्रम असतो आणि काळ्यापर्यंत पोचायला साधारण दहा वर्षं लागतात. त्यामुळे जांभळा किंवा तपकिरी पट्टेवाले शिकवत असतील तर त्यात वावगं काही नाही. गुरू कोण, ते अधूनमधून येतात का, हे त्यांनी चटकन सांगितलं पाहिजे. चांगला कोच या प्रश्नाने खूश होतो.

पहिले तीन महिने

बीजेजे निवडलंत तर पहिल्या महिन्यात जिंकायचा विचार बाजूला ठेवा. कंबर उचलणं, कुशीवर सरकणं, छातीवर बसलेल्याखालून निघणं आणि बाजूने दाबलेल्याखालून गुडघा आत आणणं, एवढंच. दुसऱ्या महिन्यात क्लोज्ड गार्ड, म्हणजे समोरच्याच्या कमरेभोवती पाय अडकवून लढणं, आणि त्यातून एकच स्वीप, म्हणजे खालून पलटवणं. तिसऱ्यात पाठ घेणं आणि सांभाळणं. यूट्यूबवरचे नवे डाव तोवर बंद. आणि कोचला आठवड्यातून एकदा उभ्याने सुरुवात करायला सांगा. गुडघ्यांवरून रोल, म्हणजे सरावाची झुंज, सुरू करायची सवय लागली तर समोरच्याला खाली आणायचं कसं हेच कधी येत नाही, आणि वर कोण असणार हे तो ठरवतो.

ज्युदो निवडलंत तर सरांना पहिल्याच दिवशी सांगा की नेवाझा शिकायचंय. बहुतेक सरांना आनंद होतो. उकेमी मनापासून करा, टाळाटाळ नको. चार पकडी आणि प्रत्येकीतून एक सुटका, पालथ्या माणसाला पलटवायचे दोन मार्ग आणि जुजी-गातामे, इतकं तीन महिन्यांना पुरतं. वर्ग संपल्यावर एका जोडीदाराला दहा मिनिटं थांबवा आणि मात्ते नसलेली जमिनीवरची रांदोरी, म्हणजे मोकळी सराव-झुंज, करा. माझं निम्मं नेवाझा या दहा मिनिटांतलं आहे.

गळा आवळला गेला तर वाट पाहू नका. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर शुद्ध काही सेकंदांतच हरपते. दोनदा थाप मारा, हात अडकले असतील तर तोंडाने "टॅप" म्हणा.

गी, पावसाळा आणि गजकर्ण

पहिल्या आठवड्याला टी-शर्ट आणि चेन नसलेली ट्रॅकपँट पुरते. नखं कापा, मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं घरी. पुढे गी घ्याल तेव्हा लक्षात ठेवा की ज्युदोची जाड आणि सैल बाह्यांची असते, बीजेजेची बहुधा हलकी आणि अंगाबरोबर. ज्युदोची गी घालून बीजेजेच्या सरावाला जाता येतं, फक्त सैल बाही समोरच्याला आयतीच मिळते.

पुण्याच्या जुलैत ज्युदोची गी दोन दिवस वाळत नाही. ओलसर गी पुन्हा घातली की काखेत, मांडीत गजकर्ण ठरलेलं. गोल, लालसर, कडा उठलेला चट्टा दिसला की मॅटवर जाऊ नका आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून विचारून आणलेल्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं. खाज थांबते आणि आतून चट्टा पसरत राहतो. दर वर्गानंतर गी त्याच रात्री धुवायची, मशीनमध्ये दोनदा पिळायची आणि पंख्याखाली उलटी टांगायची. पावसाळ्याआधी दुसरी गी घेऊन ठेवा.

दोन्ही करायचं असेल तर

एकदम दोन्हीकडे नाव घालू नका. एकीकडे सहा महिने काढा, मग दुसरीकडे आठवड्यातून एक दिवस जोडा. बीजेजेवाल्यांनी ज्युदोच्या वर्गात उकेमीपासून सुरुवात करायची, निळा पट्टा असला तरी. ज्युदोवाल्यांनी बीजेजेच्या ओपन मॅटला, म्हणजे मोकळ्या सरावाला, जावं आणि पहिला महिना मुद्दाम पाठीवर पडून खेळावं. जाण्याआधी आपल्या सरांना स्वतः जाऊन सांगा, दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नका. मी सांगितलं तेव्हा सरांनी आधी विचारलं, "तिथे पाठीवर पडून काय करतात, मला दाखव." मग हॉल बंद व्हायची वेळ टळून गेली तरी आम्ही क्लोज्ड गार्डच करत बसलो होतो.